डोळा मारणारा कॅमेरा

कराडात तेव्हा फोटो काढायचा म्हणजे माणूस आंघोळ करून, केसांना तेल लावून भाऊसोंच्या स्टुडिओत जायचा. भाऊसोंचा कॅमेरा लाकडी, पितळी तोंडाचा, तीन पायांवर उभा. मागं काळं कापड. भाऊसो त्या कापडात डोकं घालायचे आणि समोरची माणसं श्वास रोखून बसायची. साखर कारखान्यातला एक चिटबॉय, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा, असाच फोटोला बसला होता. भाऊसो कापडात शिरले आणि आत गारवा लागून त्यांना डुलकी लागली. उठवायची कुणाची छाती? भाऊसो बाहेर आले तोवर चिटबॉयला दाढी आली होती. खोटं वाटत असेल तर फोटो बघा, फोटोत दाढी आहे.

माझं सायकलचं दुकान भाऊसोंच्या समोर. माझ्या भिंतीला भिंत लावून आकारामचा स्टुडिओ. हा आकाराम भाऊसोंचाच चेला. काचेच्या प्लेटा धुण्यापासून म्हाताऱ्यांच्या फोटोतल्या सुरकुत्या पेन्सिलीनं घालवण्यापर्यंत सगळं तो त्यांच्या हाताखाली शिकला. पुढं त्यानं स्वतःचं दुकान काढलं तेव्हा दारावर तोरण बांधायला शिडीवर चढले ते भाऊसोच. मी शिडी धरली होती. म्हातारा त्या शिडीवर असा उभा होता, जसा देवळावरचा कळस.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले असतील. आकारामचा मेव्हणा बोटीवर नोकरीला होता, त्यानं जपानी कॅमेरा आणला. आरशाचा. तळहाताएवढा, पण वजन असं की गळ्यात घातला की आकाराम पुढं झुकायचा. त्यानं तो पहिल्यांदा नेऊन ठेवला वस्तादांच्या पायांशी. भाऊसोंनी उचलला, डोळ्याला लावला, खटका दाबला आणि दचकलेच.

"आक्या, आत अंधार झाला की रं!"

"तेवढ्यापुरताच, वस्ताद. आत आरसा असतोय. खटका दाबला की आरसा वर उडतो, फिल्मला उजेड लागतो, की परत खाली."

"म्हंजे ज्या घडीचा फोटो निघतोय, नेमकी तीच घडी फोटोवाल्याला दिसत न्हाई?"

"एवढं तेवढं चालतंय."

"आन् समोरच्यानं तेवढ्यात जीभ काढून दाखवली तर?"

"तर फोटोत जीभ येईल, वस्ताद."

भाऊसो इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग कॅमेरा उलटा-सुलटा बघत म्हणाले, "ह्याला भविष्य हाय का रं?"

"ह्यालाच हाय. मुंबईतले पेपरवाले, लग्नवाले, समदे ह्याच्यावर आलेत. तुमच्या काचेच्या प्लेटा आता मिळंनाशा झाल्यात."

"माझ्यापुरत्या हायत. पण आज काम माझ्या हातातनं तुझ्याकडं चाललंय, उद्या पोरासोरांच्या खिशात असला डबा आला तर तुला कोण विचारंल?"

"खिशात? कॅमेरा?" आता हसायची पाळी आकारामची होती. "वस्ताद, तुमी आन् हा सायकलवाला एकाच ताटात जेवायला लागलात काय?"

हा टोमणा मला होता. थापाड्या म्हणून माझी ख्याती कृष्णेपासून कोयनेपर्यंत, आणि दोन्ही नद्या कराडातच एकत्र येत असल्यामुळं ती फार पसरलेली नाही असं माझं म्हणणं.

कॅमेरा आला, पण गिऱ्हाईक येईना. लोक आकारामच्या दुकानात यायचे, तो डबा बघायचे, म्हणायचे, "एवढ्याशा डब्यात अख्खं वऱ्हाड मावंल का?" आणि समोर भाऊसोंकडं जायचे. एखादं मोठं लग्न मिळालं, चारचौघांत फोटो फिरले, तरच ह्याची गाडी चालणार होती. आणि तसं लग्न चालून आलं. फक्त ते त्याच्याकडं आलं नव्हतं.

कडेगावचे हंबीरराव सुभेदार. पलटणीतून निवृत्त झालेले, उसाचं रान, मिशा अशा की त्यांवर लिंबू ठेवावं. त्यांच्या घरातली सगळी कार्यं भाऊसोंच्याच कॅमेऱ्यात. थोरल्या मुलीचं, सुलाचं, लग्न ठरलं तशी स्वारी भाऊसोंना तारीख कळवायला आली. भाऊसो नेमके दाढी करायला गेलेले, स्टुडिओला कुलूप. सुभेदार माझ्या दुकानाशी थांबले. आकाराम दारातच उभा होता.

"भाऊसो कुठं गेलं रं?"

आता ह्यावर 'न्हाव्याकडं' एवढंच सांगायचं होतं. आकारामनं तोंड उघडलं तेही तेच सांगायला, असं तो पुढं शपथेवर म्हणायचा. पण बाहेर आलं ते असं:

"वस्ताद आता भाईर जात न्हाईत, सुभेदार. हात थरथरतोय त्यांचा."

"आरं तिच्या! कवापासनं?"

"झालं की बरंच. कुणाला सांगत न्हाईत. तुमीबी विचारू नका, वाईट वाटंल त्यास्नी."

मी ट्यूबला पंक्चर लावत होतो. पाण्यात ट्यूब दाबली की बुडबुडे येतात ना, तसे आकारामच्या कपाळावर घामाचे थेंब आले. सुभेदार हळहळले, लग्न आकारामला सांगितलं आणि यष्टीला गेले. गल्लीच्या त्या टोकाला ते वळले आणि ह्या टोकानं भाऊसो गुळगुळीत हनुवटी चोळत आले.

"कोण आलंतं रं?"

"कुणी न्हाई, वस्ताद," आकाराम म्हणाला. एकदा खोटं बोललं की दुसरं आपोआप निघतं, ते मी सांगायला नको.

लग्नाच्या दिवशी आकाराम मला घेऊन गेला. सोबत हवी म्हणून. खरं तर त्याला एकट्याला भीती वाटत होती. मांडव पडला होता, लाऊडस्पीकर कोकलत होता, आम्ही पोचून चहा घेतोय तोवर यष्टीतून भाऊसो उतरले. अंगात इस्त्रीचा कोट, डोक्याला फेटा, आणि हमालाच्या डोक्यावर त्यांच्या कॅमेऱ्याची जुनी लाकडी पेटी. आकारामच्या हातातली बशी कलंडली.

झालं होतं असं, की सुभेदारांनी जुना माणूस म्हणून भाऊसोंना पत्रिका धाडली होती. आणि भाऊसोंना पत्रिका म्हणजे बोलावणंच वाटलं. आजवर दरवेळी तसंच होत आलेलं. 'फोटोला या' असं वेगळं त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

सुभेदार धावत पुढं गेले. "आवं भाऊसो, कशाला तरास घेतला एवढा? हात थरथरतोय म्हणं तुमचा? ह्या आकारामनं सांगितलं. म्या म्हटलं, पोरगं गुणाचं हाय, वस्तादाची काळजी घेतंय."

भाऊसोंनी सुभेदारांकडं पाहिलं. मग गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या आकारामकडं. आकाराम मांडवाच्या खांबामागं जायला बघत होता, पण खांब बारीक होता. मला वाटलं, आता म्हातारा बोलणार. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या पुढं चहाची कपबशी केली. भाऊसोंनी ती घेतली, आणि कपबशी खुळखुळायला लागली. हळू नाही, चांगली खुळखुळली. मांडवातले वाजंत्री सनई थांबवून बघायला लागले.

"व्हय," भाऊसो म्हणाले, "थरथरतोय खरा."

"आन् ही पेटी?"

"पेटी व्हय? पेटीच हाय की. बाजाची. सूर गेलाय तिचा, तशीच पुढं मिरजेला दुरुस्तीला न्यायची."

सुभेदार गेले. भाऊसो त्या पेटीवरच बसले, चहा बशीत ओतून प्याले. एक थेंब कोटावर सांडवून घेतला. आकाराम त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. "वस्ताद..."

"जा, जा. नवरीचा फोटो काढ. उजेड चांगला हाय."

माणसानं कानाखाली वाजवली तर गाल दुखतो आणि विषय संपतो. ह्या असल्या सांभाळून घेण्याचं काय करायचं? आकाराम तसाच माडीखालच्या खोलीशी गेला. सुला हिरवा शालू नेसून, मुंडावळ्या बांधून दारात उभी होती. पोरीच्या तोंडावर भीतीनं रंग नव्हता. शेजारी नवऱ्या मुलाची आत्या, मनुबाई. ही बाई अशी की तिच्या नजरेनं दूध नासायचं. आकारामनं उभा फोटो घ्यायचा म्हणून कॅमेरा उभा धरला. उजवा डोळा कॅमेऱ्याला लावला. आता कॅमेरा उभा धरला की डावा डोळा उघड्यावर येतो, आणि एका डोळ्यानं नीट बघायचं तर दुसरा मिटावा लागतो. त्यानं मिटला.

"जरा हसा, ताई."

सुला हसली. खटाक.

"आगं बया बया बया!" मनुबाईचा आवाज लाऊडस्पीकरच्या वर गेला. "ह्या मेल्यानं नवरीला डोळा मारला! आन् नवरी हसली!"

पुढचं काय सांगू? बातमी जानवशाला पोचली तेव्हा नवरा मुलगा पायात बूट घालत होता, तो एका बुटावरच राहिला. वरबाप आला, चुलते आले, मांडवातली भांडी सोडून आचारी आले. 'आधी मुलीला विचारा, वळख कवाची?' इथपर्यंत गोष्ट गेली. सुला आत जाऊन बसली आणि रडणंसुद्धा विसरली. आकाराम हात जोडून सांगत होता, "आवं ह्या कॅमेऱ्याला डोळा मिटावाच लागतोय!" पण असला कॅमेरा तिथं कुणी बघितला होता? तिथल्यांनी आयुष्यात एकच फोटोवाला पाहिला होता, आणि तो पेटीवर बसला होता.

वरबाप तिकडं वळला. "तुमी जुनं जाणतं. तुमी सांगा. फोटो काढताना डोळा मारावा लागतोय का?"

आकारामनं मान खाली घातली. त्याचं दुकान, त्याचा कॅमेरा, त्या पोरीचं लग्न, सगळं म्हाताऱ्याच्या एका शब्दावर आलं होतं. आणि 'म्या जन्मात कवा मिटला न्हाई' एवढं साधं सांगितलं असतं, तर ते खोटंही ठरलं नसतं.

भाऊसो उठले. "सुभेदार, पलटणीत बंदुकीचा नेम धरताना तुमी काय करत होता?"

"एक डोळा मिटत होतो."

"म्हंजे शत्रूला डोळा मारत होता म्हणा की."

आधी एक म्हातारा हसला, मग आचारी, मग सुभेदारांच्या मिशा हलल्या. पण मनुबाई हटणारी नव्हती. "त्ये लढाईत. ही सोयरीक हाय. आमच्या सुनंम्होरं ह्यो दिसभर डोळं मिचकावत फिरणार व्हय?"

"रास्त हाय, आक्का," भाऊसो म्हणाले. त्यांनी पेटीचं झाकण हात शिरेल एवढंच उचललं, ते काळं कापड ओढून काढलं, चारचौघांत झटकलं आणि आकारामच्या डोक्यावर टाकलं. कॅमेऱ्यासकट. "म्याबी आत काय काय केलं कुणास ठाऊक. दोन्ही डोळं मिटलं, झोपलो. पर कुणाची सोयरीक मोडली न्हाई. ह्यात राहून काढ."

मनुबाईनं कापडाभोवती एक फेरी मारली, खालून वाकून बघितलं, आणि "आता कसं!" म्हणाली. अक्षता वेळेवर पडल्या. तळहाताएवढ्या जपानी कॅमेऱ्यासाठी अख्खं कापड पांघरून आकाराम मांडवभर हिंडला. आत त्याला धापा लागत होत्या. मला वाटलं उकाड्यानं. नंतर म्हणाला, "कापडाला वस्तादांच्या डोक्याच्या तेलाचा वास येतोय रं. आत त्येच बसल्यावानी वाटतंय."

पेटी भाऊसोंनी परत यष्टीवर चढवली. मिरजेच्या नव्हे, कराडच्या.

फोटो सुंदर आले. गावोगावची वऱ्हाडं आकारामला बोलवायला लागली, पण अट एकच: "कापडासकट या. बिनकापडाचा फोटोवाला आमाला चालत न्हाई." मी ऐकलंय, की पलीकडं माणदेशात एका लग्नात कॅमेरा विसरला होता आणि आकारामनं नुसत्या कापडावर वेळ मारून नेली. तेही फोटो बरे आले म्हणतात.

इकडं भाऊसोंच्या दारात शेवाळ धरायला लागलं. कडेगावच्या मांडवात कपबशी खुळखुळली होती ती सगळ्यांनी ऐकली होती. 'भाऊसोंचा हात गेला' हे यष्टीच्या आधी गावोगाव पोचलं. भाऊसो पायरीवर बसायचे. समोरून आकाराम दिसला की हातातला चहा हिंदकळायचा. आकारामनं तो रस्ताच सोडला. तेलाच्या घाण्यामागून वळसा घालून, गटार ओलांडून तो मागच्या दारानं स्वतःच्या दुकानात शिरायचा. एकदा कापड परत करायला गेला तर भाऊसो म्हणाले, "असू दे. तुला लागंल." कापडाशिवाय त्यांचा कॅमेरा म्हणजे तीन पायांचं स्टूल, हे दोघांनाही माहीत होतं.

"आवं, आता तरी थांबवा हात," आकाराम काकुळतीला आला.

"थांबवला तर तू खोटा ठरशील, आक्या. आन् म्या ठरवून थोडाच थरथरवतोय? सुरू झालं, आता थांबंना."

हे ऐकल्यापासून आकारामला अन्न गोड लागेना. म्हातारा सोंग करतोय की खरंच हात गेला? सोंग असेल, तर आपल्या एका खोट्यापायी धडधाकट माणूस घरी बसलाय. खरं असेल, तर आपलंच बोलणं त्याला लागलंय. दोन्हीकडून मरण आकारामचंच. तो माझ्याकडं आला.

"तू दिवसभर समोर असतोस. म्या नसतो तवा त्यांचा हात कसा असतोय?"

"सांगतो की. पर म्या सांगितलेलं तू खरं धरशील का?"

त्यानं विचार केला. "न्हाई."

"मग कशाला विचारतोस?"

थापाड्या असण्याचं एवढं एकच नुकसान. त्याला असा साक्षीदार हवा होता, जो खोटं बोलत नाही. आणि तसा एक त्याच्या गळ्यात लटकत होता.

दुसऱ्या दिवशी तो पुढच्या दारानं निघाला, सरळ रस्ता ओलांडून. "वस्ताद, जन्मभर दुसऱ्यांचं फोटो काढलं, तुमचा एकबी न्हाई. बसता का?"

भाऊसो पायरीवरून उठले. मग फेटा बांधून त्याच खुर्चीत बसले, जिथं अख्खं कराड बसून गेलं होतं. हातात कपबशी घेतली. "ही असू दे. नायतर लोक म्हणतील, भाऊसोच न्हवं."

आकारामनं कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला. खटका मुद्दाम सावकाशीवर ठेवला. सावकाशीचा खटका म्हणजे आरसा निवांत वर राहतो, आणि तेवढ्यात समोर काही हललं की फोटोत त्याचं पिठलं होतं. हात थरथरत असेल तर फोटोत धूर दिसणार, नसेल तर बोटं. त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला. कपबशी खुळखुळत होती.

"हसू का?" भाऊसो म्हणाले.

"तुमची मर्जी."

खटाऽऽक. अंधार. परत उजेड. कपबशी खुळखुळत होती.

आकाराम बाहेर आला तो हलका होऊन. "खरंच थरथरतोय रं हात. म्या डोळ्यांनी बघितला, खटक्याच्या आधीबी आन् नंतरबी." म्हाताऱ्याचा हात गेला म्हणून ह्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय हे कळल्यावर त्याचं तोंड पुन्हा पडलं. फिल्म धुवायला तो अंधाऱ्या खोलीत गेला. मी बाहेर चाकाचे आरे कसत बसलो. मग दार उघडलं आणि ओला फोटो दोन बोटांत धरून तो माझ्यासमोर उभा राहिला.

फोटोत भाऊसो ताठ बसले होते. कपबशी दगडात कोरल्यासारखी. बोटांची नखं मोजून घ्या. चहावरची सायसुद्धा हललेली नव्हती. आणि एक डोळा मिटलेला. डुलकीसारखा नाही. पक्का, ठरवून, मिशीच्या कोपऱ्यात हसू ठेवून मिटलेला. बरोबर त्या घडीला, जी फोटोवाल्याला दिसत नाही.

मी हसलो. मला आवरेना. आकाराम हसला नाही. फोटो तसाच हातात धरून खाली बसला, माझ्या पंक्चरच्या पाण्याशेजारी.

"धडधाकट हाय," तो म्हणाला. "इतकं दिस धडधाकट होता."

"आरं, माफ केलं त्यांनी तुला. डोळा मारलाय."

"माफ केलं म्हणूनच तर."

पुढच्याच यष्टीनं तो कडेगावला गेला. मला ओढून नेलंच. पिशवीत फोटो आणि त्याच पिशवीत घडी केलेलं कापड. सुभेदार सोप्यावर पान कुटत बसले होते. माहेरपणाला आलेली सुला दारातून डोकावली, आकारामला बघून पदर तोंडाला लावून हसली. आकारामनं फोटो सुभेदारांच्या हातात दिला.

सुभेदारांनी तो उजेडाकडं धरला. लांब नेला, जवळ आणला. "आरं, हात तर पहाऱ्यावरच्या शिपायागत हाय! बरा झाला म्हण की. आन् हे काय? ह्या वयात डोळा कुणाला मारलाय भाऊसोंनी?"

"मला," आकाराम म्हणाला.

"तुला? कशापायी?"

सुभेदारांनी फोटो मांडीवर ठेवला. मिशीवरचा हात खाली आला. पलटणीतला माणूस, त्याला काहीतरी वास आला असावा.

"आकाराम," ते म्हणाले, "कशापायी ते सांग."

आकारामचा हात पिशवीत गेला. तोंड लपवायला कापड तिथंच होतं. त्यानं ते चाचपलं. पण ते वस्तादांचं होतं, म्हणून त्यानं हात बाहेर काढला आणि उघड्या तोंडानं सांगायला सुरुवात केली.